घाटाखालचे आजोळ



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. या दिवसांत मिस्सासाठी नावांच्या याद्या घेऊन येणाऱ्यांची माझ्या ओसरीवर रीघ लागते. परंतु आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ आपल्या आजीची मिस्सा नोव्हेंबरात कधीच सांगत नाहीत. ते येतात एप्रिलमध्ये, आणि तारीख ठरलेली असते : सत्तावीस. सहा वर्षांपूर्वी मी या गावी नवीन असताना त्यांना सहज विचारले, "आज्जा, आजी वारल्या तो हा दिवस का?" त्यांनी मान हलविली. "न्हाई फादर. पत्र आलं तो दिवस."

त्या पत्राची हकीकत आणि तिच्यापायी गेल्या महिन्यात आम्ही केलेला आगगाडीचा प्रवास आज सांगावयाचा आहे.

आज्जांची आई मूळची गोव्यातील चांदर गावची. लग्न होऊन ती घाट चढून आमच्या खानापूर तालुक्यात आली. नवरा रेल्वेत खलाशी होता, त्यामुळे माहेरी जाण्यायेण्याची ददात नव्हती. लोंढ्याला गाडीत बसावे, कॅसलरॉकला सामान तपासून घ्यावे, घाट उतरावा, कुळ्याला पुन्हा सामान उघडून दाखवावे आणि सायंकाळच्या आत आईच्या ओसरीवर टेकावे. कॅसलरॉकचा जकातनाका आपल्या सरकारचा, कुळ्याचा पोर्तुगीजांचा. आज्जांना त्यातले एवढेच आठवते की, परतताना आजी त्यांच्या अंगावर दोन नवे सदरे एकावर एक चढवी आणि भर उन्हाळ्यात ते घामाने निथळत नाक्यावर उभे राहात. सदरा अंगात असला की त्यावर जकात नाही, असा आजीचा कायदा होता.

पुढे १९५५ साल उजाडले. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले. गाड्या बंद झाल्या. घाटाच्या माथ्यावर लेक आणि पायथ्याशी आई, दोघींच्या मध्ये काही तासांची वाट. पण ती वाट मिटली. १९५७ च्या एप्रिलमध्ये पत्र आले ते चांदरहून नव्हे, आफ्रिकेतील नैरोबीहून. तेथे नोकरीला असलेल्या मामाने कळविले होते की आई देवाघरी गेली, दफन रीतसर झाले. वार्ता आधी समुद्र ओलांडून आफ्रिकेस गेली आणि तेथून परत फिरून घाटमाथ्यावर आली. तारीख पत्रात नव्हती. आज्जा तेव्हा बारा वर्षांचे होते. आई कशी रडली हे त्यांनी मला सांगितले नाही. एवढेच सांगितले की तिला एकच घोर लागून राहिला, शेवटच्या घटकेला पाद्री वेळेवर पोहोचला होता की नाही.

गोवा मुक्त झाल्यावर ती एकदा जाऊन आली. घराला कुलूप होते. देवळात मेणबत्ती लावून ती मिळेल त्या गाडीने माघारी फिरली. कोणास काही विचारण्याचा तिला धीर झाला नाही. १९८१ मध्ये तीही वारली. आणि आज्जा? ते वडिलांमागोमाग रेल्वेतच लागले, गँगमन म्हणून. चौतीस वर्षे त्यांनी हातोडा खांद्यावर टाकून याच घाटातले रूळ पायाखाली घातले. "मग चांदरला कधी गेला नाहीत?" असे विचारले, तेव्हा म्हणाले, "आमची हद्द कुळ्यापर्यंतच होती, फादर."

ऐंशी वर्षांच्या माणसाच्या या उत्तरापुढे काय बोलावे? गेल्या ऑक्टोबरात शाळेला सुट्टी लागताच आम्ही एकवीस जण निघालो. तरुण मंडळींना दूधसागर पाहावयाचा होता, बायकांना जुन्या गोव्यास जावयाचे होते, आणि चांदरचे नाव कोणाच्याच तोंडी नव्हते. ते मी मध्ये घातले.

हल्ली वारशाच्या रेल्वेगाड्यांचे मोठे कौतुक आहे, आणि ते योग्यच आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का-सिमला या आपल्या तीन डोंगरी रेल्वेंना युनेस्कोने अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ मध्ये जागतिक वारशात स्थान दिले. आमच्या घाटाला असा बिल्ला नाही. येथे वाफेचे इंजिनही राहिले नाही, आणि मूळचे मीटरगेज रूळ १९९० नंतरच्या दशकात उखडून त्या जागी ब्रॉडगेज आले. परंतु डोंगर फोडून काढलेली वाट तीच आहे. गाडीचे भाडे साधे, डबा साधा, बाकावर शेजारी भाजीची पाटी. ज्यांना मखमली गाद्यांवर बसून वारसा पाहावयाचा असेल त्यांनी अन्यत्र जावे.

या वाटेचा जन्म कशासाठी झाला हे ठाऊक असावे. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक करार झाला. मुरगावचे बंदर उत्तम, पण त्याला पाठीशी मुलूख नव्हता; इंग्रजांकडे दख्खनचा कापूस आणि धान्य होते, ते समुद्रापर्यंत न्यावयास जवळची वाट हवी होती. लंडनमध्ये कंपनी उभी राहिली. तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली. म्हणूनच कंपनीच्या लांबलचक नावात 'हमी दिलेली' असा शब्द होता. १८८७ आणि १८८८ या दोन वर्षांत मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग खुला झाला, आणि घाटाला पोर्तुगालच्या राजघराण्यावरून 'ब्रागांझा घाट' हे नाव पडले. पण त्याच करारात आणखी एक कलम होते. गोव्यातील मिठाचा सारा व्यवहार इंग्रजांच्या हाती गेला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. सरकारला रुपये मिळाले. मिठागरांवर पोट असलेल्यांना काय मिळाले? १८९२ मध्ये करार संपला, मिठागरे मोडकळीस आलेली, आणि रेल्वे मात्र राहिली. ज्यांचे मीठ गेले त्यांपैकी कितीतरी जणांना पुढे याच रेल्वेने पोटासाठी मुंबई गाठावी लागली. गोव्यातून मुंबईस निघालेला खानसामा, वाजंत्री, शिंपी आणि गुरुकुलात निघालेला मुलगा हे सर्व एका पिढीत लोंढा, मिरज, पुणे या वाटेने गेले. ही रेल्वे मालासाठी बांधलेली होती. माणसे तिच्यात नंतर बसली.

असो. सकाळी लोंढ्याला गाडी आली. आज्जांना खिडकीची जागा दिली, तर ते बसेनात. चौतीस वर्षे गाडी आली की रुळाच्या कडेला सरून उभे राहावयाचे आणि डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून तोंड फिरवावयाचे, ही शरीराला लागलेली सवय. शेवटी एका लहान मुलीने त्यांचा हात धरून बसविले.

तिनईघाट गेला, कॅसलरॉक आले, आणि तेथून गाडीचा वेग बैलगाडीसारखा झाला. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे सव्वीस किलोमीटर. त्यात उतार इतका की सदतीस फूट पुढे गेले की एक फूट खाली यावे. रेल्वेच्या हिशेबात हा फार मोठा उतार आहे. गाडी खाली ओढली जाते, तिला आवरून धरणे हेच येथले कसब, आणि त्यासाठी जादा इंजिने लावतात. चढताना तीच इंजिने मागून ढकलतात. आमचे तरुण खिडकीबाहेर मोबाईल धरून उभे होते. आज्जा मात्र डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "आता बोगदा येईल." आला. "आता पूल." आला. "हितं पावसात पाणी कपारीतनं रुळावर उतरतंय, गाडी हळू होती बघा." गाडी हळू झाली. डबाभर मंडळी आधी हसली, मग गप्प होऊन त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. चौतीस पावसाळे त्यांनी या जंगलात रात्रीची गस्त घातली. हातात कंदील, डोक्यावर इरले, आणि दरड कोसळलेली दिसली तर समोरून येणारी गाडी थांबविण्यासाठी धावत सुटावयाचे. एकदा असे धावावे लागले होते काय, हे मुलांनी विचारले. "दोनदा," एवढेच म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत.

करंझोळ मागे पडले आणि झाडीच्या फटीतून दूधसागर दिसू लागला. तीनशेदहा मीटर उंचीवरून पाणी टप्प्याटप्प्याने कोसळते, आणि रेल्वेचा दगडी पूल अगदी त्याच्या छातीवरून जातो. पावसाळा सरत आला होता, तरी तुषार खिडकीतून आत आले आणि सगळ्या डब्याने एकदम श्वास ओढून घेतला. एक आई आपल्या मुलाला म्हणाली, "देवाचं नाव घे." त्याहून चांगले वर्णन मला साधणार नाही. दोनतीन मिनिटे, मग पुन्हा झाडी. तेथे उतरण्यास व रुळांवरून चालण्यास मनाई आहे. जुलै २०२३ मध्ये शेकडो हौशी तरुण मनाई मोडून आले, तेव्हा पोलिसांनी त्यांना रुळांशेजारी उठाबशा काढावयास लावल्या. ते चित्र देशभर गाजले. आमच्या मुलांना तो प्रकार फार विनोदी वाटला. आज्जांना वाटला नाही. "रुळावर मेलेलं माणूस गोळा कोण करतंय?" त्यांनी विचारले. "गँगमन."

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. दूधसागर पाहून झाला की बहुतेक प्रवाशांचा हा प्रवास संपतो. पुढले स्टेशन त्यांना मडगाव, नाही तर थेट समुद्रकिनारा. कुळ्याला आम्ही उतरलो, वास्कोकडे जाणाऱ्या छोट्या पॅसेंजरची वाट पाहिली, आणि ती आली तेव्हा आमच्यातील काही जण कुरकुरले की लहानशा चांदरात काय पाहावयाचे आहे? सावर्डे गेले, भाताची हिरवीपिवळी शेते आली, आणि चांदरच्या छोट्या स्थानकावर आम्ही एकवीस जण उतरलो. दुसरे कोणी उतरले नाही.

चांदर म्हणजे जुने चंद्रपूर. कुशावती नदीच्या काठी वसलेले हे गाव एके काळी गोव्याची राजधानी होते. भोज राजांचा चौथ्या शतकाच्या सुमाराचा एक ताम्रपट याच चंद्रपुराहून दिलेला आहे. पुढे गोव्याच्या कदंबांनी येथून राज्य केले, आणि अकराव्या शतकात राजधानी जुवारीकाठच्या गोपकपट्टणास, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्यास, हलविली. याच कदंबांचे घाटावरील ठाणे म्हणजे आपली हळशी! हळशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ आमच्या तालुक्यात कोणी पाहिले नाही? त्याच राजांच्या राज्यातले हे दुसरे टोक. आज आम्ही सीमाभागातले लोक मराठी की कानडी, या जिल्ह्याचे की त्या राज्याचे, यावर भांडून दमलो. घाट चढूनउतरून एकच राज्य नांदत होते त्या काळी त्या लोकांनी स्वतःला काय म्हणवून घेतले असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

जुन्या कोटाच्या जागेला गावात आजही 'कोट' असेच म्हणतात. तेथे गवतात एक मोठा दगडी नंदी बसलेला आहे. त्याला मस्तक नाही. १९२९ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासाचे अध्यापक फादर हेन्री हेरास यांनी येथे उत्खनन केले आणि शिवमंदिराचा पाया उजेडात आणला. पुढे पुरातत्त्व खात्यानेही येथे खणून विटांचे प्राचीन बांधकाम मोकळे केले. स्पेनहून आलेला एक येशूसंघीय धर्मगुरू शिवालयाचा पाया शोधत चांदरात माती उकरतो, हे मला गुरुकुलात असल्यापासून मोठे मोलाचे वाटत आले आहे. गोव्यात देवळे पडली, त्यात आमच्या संघांचा हात होता, हे लपविण्यात अर्थ नाही. पण शोधणाऱ्यांत आमचा एक होता, हेही सांगावे.

नंदीपाशी आम्ही पोहोचलो आणि आज्जा थबकले. "हा लहान झालाय," ते म्हणाले. त्यांचे आजोळ या कोटातच होते. लहानपणी ते याच नंदीच्या पाठीवर बसून झाडावरचे पेरू काढीत. आजी सांगे की, एक परका पाद्री आला, मजूर लावून माती खणून गेला, आणि आम्हांला वाटले हा सोने शोधतो. फादर हेरास यांच्या ग्रंथांत ही नोंद असण्याचा संभव नाही!

याच कोटात कार्निव्हलच्या दिवसांत 'मुसळ खेळ' होतो. येथले ख्रिस्ती पुरुष हातात मुसळे घेऊन, जमिनीवर ठेका धरून नाचतात आणि विजयनगरच्या हरिहर राजाचे नाव घेतात. धर्म बदलून शतके लोटली, भाषेवर परक्या राजवटीची छाया पडली, तरी मुसळे ठेका विसरली नाहीत. आम्ही अवेळी गेल्यामुळे तो खेळ पाहावयास मिळाला नाही. पण आज्जांनी काठीने दोन ठेके धरून दाखविले, आणि कोटातील एका घरातून एक बाई हसत बाहेर आली. मग मी प्रथमच आज्जांना कोकणीत बोलताना ऐकले. आईची भाषा त्यांच्या तोंडी इतकी वर्षे दडून बसली होती.

त्या बाईंनी आजीचे घर दाखविले. म्हणजे जागा दाखविली. छप्पर पडलेले, भिंतीतून वड उगवलेला, उंबरठा मात्र शाबूत. मामाची मुले कोठे आहेत, कोणास ठाऊक नाही. आज्जा उंबरठ्यावर बसले नाहीत. त्यांनी चप्पल काढली, आत पाऊल टाकले, पुन्हा बाहेर आले.

गावातील मोठे वाडे मी थोडक्यात सांगतो, कारण ते पाहण्यास लोक जातातच. देवळासमोरच्या पटांगणावर ब्रागांझा घराण्याचा प्रचंड वाडा उभा आहे. दर्शनी बाजूस चोवीस खिडक्या, आत दोन शाखांची दोन बिऱ्हाडे, नाचाचे दालन, चिनी भांडी. एका शाखेच्या खाजगी प्रार्थनालयात संत फ्रान्सिस झेवियर यांचे नख जपून ठेवलेले आहे. आमच्या बायकांनी तेथे बराच वेळ काढला. मला अधिक ओढ होती ती लुईस दि मिनेझिस ब्रागांझा यांच्या ग्रंथसंग्रहाची. १८७८ मध्ये, म्हणजे रेल्वेचा करार झाला त्याच वर्षी, हे चांदरात जन्मले. १९०० साली 'ओ हेराल्दो' हे गोव्याचे पहिले पोर्तुगीज दैनिक काढण्यात त्यांचा वाटा होता, आणि १९३० च्या जुलैत भर विधिमंडळात उभे राहून त्यांनी गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. गोव्यात काँग्रेस समिती स्थापन करणारे आणि त्यापायी पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात कैद भोगलेले त्रिस्ताव दि ब्रागांझा कुन्हा हेही चांदरचेच. ज्या राजघराण्याचे आडनाव मिरविले, त्याच्याच देशाच्या सत्तेविरुद्ध ही माणसे उभी राहिली.

या वाड्याच्या छायेत चहा घेताना गावकऱ्यांनी आम्हांला १ नोव्हेंबर २०२० ची रात्र सांगितली. रेल्वेचा मार्ग दुहेरी करण्याचे काम चांदरच्या फाटकाशी त्या रात्री सुरू होणार होते. लोकांची शंका अशी की हा दुसरा रूळ त्यांच्यासाठी नाही, मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा घाटावरच्या पोलाद कारखान्यांकडे नेण्यासाठी आहे. रुळालगतची जुनी घरे मालगाड्यांनी हादरतात, भिंतींना तडे जातात, कोळशाची काजळी बसते, ही त्यांची तक्रार. त्या रात्री हजारो माणसे, म्हातारी आणि पोरेसुद्धा, मेणबत्त्या घेऊन रुळांवर येऊन बसली ती पहाटेपर्यंत. दुसरा दिवस सर्व मृतांच्या स्मरणाचा. "फादर, दरवर्षी आम्ही मेणबत्त्या दफनभूमीत लावतो," एक शिक्षक म्हणाले, "त्या वर्षी आदल्या रात्रीच रुळांवर लावल्या." पुढे घाटातील कॅसलरॉक ते कुळे या पट्ट्याच्या दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. मोले अभयारण्याचे जंगल त्या पट्ट्यात येते.

आमच्यातील एका तरुणाने तेथेच प्रश्न केला की, रूळ वाढले तर आमच्या पोरांना नोकऱ्या मिळतील, गाड्या वाढतील, त्याचे काय? प्रश्न खोटा नव्हता. आमच्या धर्मग्रामातील निम्म्या घरांची चूल एके काळी रेल्वेच्या पगारावर पेटली. त्या शिक्षकांना राग आला नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे माणसांची गाडी थांबवा, आम्ही हार घालू." सगळ्यांनी आज्जांकडे पाहिले, जणू निवाडा त्यांनीच द्यावयाचा होता. ते कपातला चहा बशीत ओतीत होते. १९५५ मध्ये गाडी थांबली तेव्हा आपली आई सहा वर्षे कुजत पडली, हे त्यांना आठवले असावे. आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी सोनावळी आणि दूधसागर यांच्यामध्ये कोळशाच्या मालगाडीच्या वाघिणी घसरून पडल्या, तेही. त्यांनी निवाडा दिला नाही. "घाटाला किती ओझं द्यायचं ते घाटाला विचारून द्यावं," असे काहीसे पुटपुटले. मला स्वतःला तो शिक्षकांचा हिशेब पटला. ज्याच्या दारातून माल जातो त्याला विचारावे, ही मागणी मोठी नाही. मिठाच्या वेळी कोणी विचारले नव्हते.

चांदरचे देऊळ बेथलेहेमच्या मातेचे. १६४५ मध्ये येशूसंघीयांनी ते उभारले. गेल्या शतकाच्या मध्यावर त्याची पुन्हा बांधणी झाली. ६ जानेवारीस येथे तीन राजांचा सण होतो, आणि चांदर, कावोरी व गिर्दोली या तीन गावांतून एकेक मुलगा राजा होतो. तेथील धर्मगुरूंनी आमचे आगत्याने स्वागत केले. आधी आम्ही दफनभूमीत गेलो. परंतु गोव्यात जागेच्या टंचाईमुळे तीच थडगी फिरून वापरतात. सत्तर वर्षांपूर्वीचे थडगे शोधणे व्यर्थ होते. आज्जांनी आणलेली मेणबत्ती मधल्या क्रुसापाशी लावली. त्यांचे समाधान झाले नव्हते, हे दिसत होते.

मग मी त्या धर्मगुरूंना हळूच विचारले, १९५७ ची मृत्युनोंदवही आहे काय?

नोंदवही होती. जाड कागद, फिकी निळी शाई, पोर्तुगीज भाषा. मला पोर्तुगीज येत नाही, पण गुरुकुलातील लॅटिन अशा वेळी उपयोगी पडते, आणि ते धर्मगुरू साहाय्यास होते. जानेवारीचे पान झाले, फेब्रुवारीचे आले. मी बोटाने ओळी चाळीत होतो आणि आज्जा टेबलाशी उभे होते. बसा म्हटले तरी बसेनात. ९ फेब्रुवारीच्या नोंदीत आजीचे नाव आणि कोटाचा उल्लेख सापडला. विधवा, वय एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी दफन. आणि अखेरच्या ओळीत, तत्कालीन धर्मगुरूंच्या घाईच्या अक्षरात, की मृत स्त्रीस सर्व संस्कार मिळाले होते.

मी ती ओळ मराठीत वाचून दाखविली. आज्जा म्हणाले, "परत वाचा." मी पुन्हा वाचली. "म्हणजे पाद्री आला होता?" "आला होता, आज्जा. पापनिवेदन ऐकले, ख्रिस्तशरीर दिले, अंत्याभ्यंग केला." ते बराच वेळ त्या निळ्या ओळीकडे पाहात राहिले. त्यांना वाचता येते, पण ती लिपी येत नाही. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांऐवजी चष्मा पुसला.

रात्री आम्ही मडगावला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यास जाऊन संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचे दर्शन घेतले. त्याविषयी या पानांतून पुष्कळदा लिहून झाले आहे. तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत आज्जा स्वतःहून खिडकीशी बसले. कुळ्याला मागे इंजिन जोडले, धक्का बसला, आणि चढण सुरू झाली. मी माझी मिस्सांची डायरी उघडली व विचारले, "आज्जा, आता सत्तावीस एप्रिलची तारीख बदलू ना? नऊ फेब्रुवारी लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला. "सत्तावीस एप्रिल ऱ्हाऊ दे, फादर. तितं आज्जीचं नाव ऱ्हाऊ दे. नऊ फेब्रुवारीला आईची मिस्सा लावा. तिला कळायचं ऱ्हाऊन गेलंय."

मी दोन्ही तारखा लिहिल्या. गाडी सोनावळी सोडून बोगद्यात शिरली होती. आज्जांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आता पूल येईल."